नर्सचा चष्मा

रविवार, ४ जानेवारी

ठमे,

अक्षर ओळखलं असशीलच. हे पान संपेपर्यंत तरी फाडू नकोस. तुझा पत्ता मावसभावाकडून काढला. अर्धा तास आढेवेढे घेतले त्यानं, मग म्हणाला, मी दिला असं सांगू नकोस. सांगितलं. माझ्या पोटात काही राहत नाही, तुला माहीतच आहे.

फोन केला असता तर तू ठेवून दिला असतास. पत्र ठेवून दिलं तरी घरातच कुठंतरी पडून राहतं.

काम तसं किरकोळ आहे. एका पुस्तकाचा शेवट विचारायचाय.

रविवारी लॅब बंद असते, तर हल्ली मी एका संस्थेत जाते. अंध लोकांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात तिथं. कपाटाएवढी खोली, भिंतींना फोम, टेबलावर घडी घातलेली चादर, म्हणजे पान उलटल्याचा आवाज येत नाही. नाटकं करायची नाहीत, पदरचा एक शब्द घालायचा नाही, चुकलं तर वाक्याच्या सुरुवातीला जाऊन पुन्हा वाचायचं. मला असली कामं आवडतात. वाचून झालेलं तपासतात एक काका. जन्मापासून दिसत नाही, पूर्वी टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होते. पुस्तक ते बघत नाहीत, नुसतं ऐकतात. गेल्या महिन्यात म्हणाले, "बाई, चाळिसाव्या मिनिटाला तुमचं पोट बोललं. जेवून येत जा."

आता जे पुस्तक हातात आहे ते एका नर्सचं. एका म्हाताऱ्या बाईची देखभाल करायला ती मोठ्या घरात राहते. एका दुपारी म्हातारी जिन्याखाली मरून पडलेली सापडते. बस, एवढंच घडतं. पण मलपृष्ठावर लिहिलंय त्याप्रमाणे नर्स ती एकच दुपार सात वेळा सांगते आणि दर वेळी काहीतरी बदलतं. पहिल्यांदा कप निळा, दुसऱ्यांदा पांढरा. आधी खिडकी बंद, मग उघडी. खोटं बोलतेय, की तिला खरंच तसं दिसलं, की डोक्यावर परिणाम झालाय, काही पत्ता लागत नाही. मला असल्या बाईचा राग येतो. एकदा काय ते सांगून मोकळी हो ना.

शेवट मी वाचलेला नाही, रेकॉर्ड करायच्या आधी पुढचं वाचायचं नाही असा माझा नेम आहे. तू रहस्यकथेचं शेवटचं पान आधी वाचायचीस आणि मग "सांगू का, सांगू का" करून माझ्याकडून वेण्या घालून घ्यायचीस. तू वाचनालय लावलंयस असं मावसभाऊ म्हणाला. पुस्तकाचं नाव पाठीमागं लिहिलंय. मिळालं तर बघ, आणि नर्स खरी की खोटी एवढं कळव.

आणि हो. आईच्या हृदयाची झडप बदलायची आहे. सोळा फेब्रुवारी तारीख मिळाली. धाकटीला कळवू नकोस म्हणाली, म्हणून कळवतेय. जे झालं त्याला अकरा वर्षं होतील. मी आईला पुष्कळदा सांगते की बाबा गेले ते काही, ठमे, तुझ्या एकटीमुळे नाही. माणूस आहे, राहून जाते कडी. किती दिवस धरून बसायचं? ऑपरेशनच्या आधी तू यावंस असं मला वाटतं.

ताई


रविवार, ११ जानेवारी

ठमे,

उत्तर नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी रोज जिना उतरताना पेटीत हात घालून बघते.

मागच्या पत्रातलं "तुझ्या एकटीमुळे नाही" हे वाक्य मला आठवडाभर टोचतंय. चांगल्या मनानं लिहिलं होतं, पण परत वाचायला पत्र हातात नाही, आणि मनात वाचलं की वेगळंच ऐकू येतं.

नर्स आता चौथ्यांदा सांगतेय. आजच ते प्रकरण वाचलं, सलग दोन तास, मध्ये पाणीसुद्धा प्यायले नाही. या खेपेला ती म्हणते की त्या दुपारी घरात अजून कुणीतरी येऊन गेलं. मी जिन्याचं दार लावलं होतं, मग ते उघडं कसं सापडलं? पोलीस म्हणतात, घरात तिसरं कुणी नव्हतं. तिचा भाऊ म्हणतो, तुला कधी काय आठवतं का? आणि ती हळूहळू म्हणायला लागते, की नसेल लावलं.

हे वाचताना तुझी आठवण झाली. झाली तर झाली, लिहून टाकते.

ती सकाळ मला अजून लख्ख आठवते. नऊ फेब्रुवारी, सोमवार. बाबांचं विसरणं वाढलेलं होतं. टपाल कचेरीतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी उठले की पत्रं वेगळी करायला निघायचे. म्हणून पुढच्या दाराला आतून कुलूप आणि मागच्या दाराला बाहेरून कडी. घरातून जो शेवटी जाईल त्यानं मागनं जायचं आणि कडी लावायची. आईचं डोकं दुखत होतं, ती पुढच्या खोलीत पडून होती. मी साडेनऊला लॅबला गेले. तू साडेदहाला क्लासला. सव्वाअकराला आई उठली तर मागचं दार सताड उघडं. दुपारी चारला बाबा सापडले, त्यांच्या जुन्या कचेरीच्या मागच्या पायऱ्यांवर, डोक्याला खोक पडलेली. पाचव्या दिवशी गेले.

तू म्हणत होतीस, मी कडी लावली, हाताला गार लागली, मला आठवतंय. सगळ्यांसमोर म्हणत होतीस. आणि मी म्हटलं, "तुला गॅस बंद केल्याचंही आठवतं, आणि दूध उतू गेलेलं असतं."

सगळ्यांना ते पटलं. न पटायला होतं काय? तू वेंधळी, छत्र्या हरवणारी, नळ चालू ठेवणारी. मी लॅबमध्ये दिवसाला दोनशे नळ्यांवर लेबलं लावणारी, जिचा एक नमुना कधी इकडचा तिकडे झाला नाही. तीन महिने तू तेच सांगत राहिलीस. मग एका सकाळी चहा ओतताना म्हणालीस, नसेल लावली. महिन्याभरात घर सोडलंस.

उगाच उगाळतेय. पुस्तक मिळालं का?

ताई


रविवार, १८ जानेवारी

ठमे,

आज एक भलतंच झालं. कुणाला सांगू कळेना, म्हणून तुलाच सांगते.

संस्थेत गेले तर काका कानावरचे हेडफोन खाली ठेवून म्हणाले की चौथं प्रकरण झकास झालंय. तुम्ही एरवी अगदी बातम्या दिल्यासारखं वाचता, पण तिथं आवाज उतरला, ते मला आवडलं. फक्त एक शंका आहे. नर्सला चष्मा आहे हे आधी कुठंच आलं नव्हतं. लेखक विसरला की काय?

मी म्हटलं, कसला चष्मा? नर्सला चष्मा नाहीच. काका हसले. म्हणाले, तुम्हीच वाचलंय.

पुस्तक उघडून चौथं प्रकरण तीनदा चाळलं. चष्मा हा शब्दच नाही. मग काकांनी लावून दाखवलं. जिन्याचं दार, उन्हाची तिरीप, कप, सगळं बरोबर चाललेलं, आणि मध्येच माझा आवाज, न अडखळता, बाकीच्या वाक्यांच्या ओळीत बसून:

"मी परत आले होते, चष्म्यासाठी. ते टेबलाशी बसले होते. टपाल आलं का, म्हणाले. येईल, म्हटलं, आणि निघाले. कडीला हात लावला नाही."

आणि पुढं पुन्हा कप.

ठमे, हे मी वाचल्याचं मला आठवत नाही. शपथ घेऊन सांगते. मी पान बघत होते आणि पानावरचंच वाचत होते. काकांना म्हटलं, चुकून दुसऱ्या पुस्तकातलं आलं असेल. ते म्हणाले, असेल. ज्या तऱ्हेनं "असेल" म्हणाले ते मला आवडलं नाही.

आता नीट ऐक. मी चष्म्यासाठी घरी परत आले होते, हे खरं आहे. पण आदल्या दिवशी. लॅबला पोचल्यावर लक्षात आलं की चष्मा मोरीवरच्या फळीवर राहिलाय, लेबलं वाचता येईनात, म्हणून परत आले. बाबांनी टपालाचं विचारलं तेही आदल्या दिवशीच. या पुस्तकानं डोक्याचा पार भुगा केलाय. तीच तीच दुपार चार वेळा वाचली की कुणाचंही होईल. मनाचा कमकुवत माणूस असता तर वेडाच झाला असता.

काल लॅबमध्ये आयुष्यात पहिल्यांदा मी शेजारच्या मुलीला म्हटलं, माझी लेबलं एकदा तपासून दे. ती बघतच राहिली.

ताई

ता.क. पाकीट बंद केलं होतं, पुन्हा फोडलं. त्या सोमवारचा आदला दिवस रविवार होता. रविवारी लॅब बंद असते. म्हणजे शनिवार असेल. शनिवारच असणार.


मंगळवार, २७ जानेवारी

ठमे,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी, पण मिळालं. शेवटचं पान आधी वाचणं मी केव्हाच सोडलं, आणि पहिल्या पानावरचंही आता मला खात्रीनं सांगता येत नाही, असं लिहिलंयस. ते कार्ड घेऊन मी जिन्यातच बसले. वरच्या मजल्यावरच्या बाई विचारत होत्या, चक्कर आली का?

मग मावसभावाला फोन केला. म्हटलं, ती कशी आहे ते नीट सांग, लपवू नकोस. तो म्हणाला, बरी आहे, फक्त एक सवय आहे. घरातून निघताना कुलूप लावलं की त्या कुलपाचा मोबाइलवर फोटो काढते. रोज. रस्त्यात थांबून बघते. कधीकधी बघूनही परत जाते, कारण फोटो कालचा असेल असं तिला वाटतं. दोन नोकऱ्या गेल्या त्या उशिरा पोचण्यापायी. तो हे हसत सांगत होता, वाईट मनानं नाही.

आज सुटी टाकली आणि लॅबमध्येच गेले, मागच्या खोलीत. कामाच्या वेळेत बाहेर जायचं तर आमच्याकडे वहीत वेळ आणि कारण लिहून सही करावी लागते. जुन्या वह्या लोखंडी कपाटात असतात. शिपाई म्हणाला, मॅडम, मी काढतो, धुळीत कशाला? मी त्याला जवळपास हाकललंच. ती वही सापडेपर्यंत माझे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. शनिवारचं पान आधी बघितलं. माझं नाव नाही. पुन्हा बघितलं. बोटानं ओळ न ओळ बघितली.

मग सोमवार, नऊ फेब्रुवारी. माझंच अक्षर, कसं नेटकं. "१०.२५. चष्मा घरी राहिल्याने." आणि पुढे, "परत ११.२०."

सगळ्या लॅबमध्ये असली वही इमानेइतबारे भरणारी मी एकटी. बाकीचे दोन-दोन तास बाहेर हिंडतात, सही करत नाहीत. मी केली.

आता सरळ लिहिते. मी आले होते. तू गेल्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी, मागच्या दारानं. चष्मा घेतला. बाबा टेबलाशी होते. त्यांनी विचारलं, टपाल आलं का? मी म्हटलं, येईल. घाईत होते, त्यांच्याकडे धड बघितलंही नाही. बाहेर पडले आणि कडी न लावता गेले. शेवटची मी होते, तू नाहीस.

त्या दुपारी कळलं तेव्हाच माझ्या मनात आलं होतं, हे मला आता दिसतंय. आईचा फोन आला तेव्हा चष्मा माझ्या डोळ्यांवर होता. आलं आणि मी ते ढकललं. आधी भीतीनं गप्प राहिले, आज सांगू, उद्या सांगू करत. बाबा गेले आणि सांगायची वेळ निघून गेली असं वाटलं. मग कधीतरी तो चष्मा आदल्या दिवशी गेला, आणि मग मला तसंच आठवायला लागलं. खरंच तसंच आठवायचं गं. एवढं मात्र खोटं नाही.

आणि मी लिहिलं होतं, माझ्या पोटात काही राहत नाही.

ताई


रविवार, १ फेब्रुवारी

ठमे,

आईला सांगितलं.

काल दुपारी ती पलंगावर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. डॉक्टरांनी तिला जड काही करू नका म्हटलंय, तर घड्या हे तिनं स्वतःच हलक्या कामात बसवलंय. मला वाटलं, तिच्या छातीला झेपेल का? ऑपरेशननंतर सांगू का? आणि लगेच कळलं, हेच, हेच मी अकरा वर्षं करतेय. सांगून टाकलं. उभ्यानंच, वहीच्या पानाचा मोबाइलवर फोटो होता तो पुढं धरून.

तिनं भिंग मागितलं. तारीख वाचली, वेळ वाचली. बराच वेळ उशीच्या अभ्र्याची एकच घडी घालत-मोडत राहिली. मग एकच प्रश्न विचारला.

"तू आलीस तेव्हा कडी लागलेली होती का?"

ठमे, हे मी स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं. तुला गेल्या आठवड्यात एवढं लांबलचक लिहिलं, त्यातही नाही. माझं काय राहिलं हेच लिहीत बसले. मागच्या दारानं आत आले म्हणजे कडी काढल्याशिवाय कशी येईन?

म्हटलं, "होती."

आई रडली. बाबांच्या वेळी रडली नव्हती तशी. म्हणत होती, पोरगी मला सांगत होती, हाताला गार लागली, माझ्या पदराला धरून सांगत होती, आणि मी तोंड फिरवलं. मी जवळ बसायला गेले तर हातानंच थांबवलं. म्हणाली, "तिची राहिली असं तीच म्हणाली ना शेवटी. का म्हणाली मग?"

म्हटलं, "मी म्हणायला लावलं."

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. संध्याकाळी फक्त म्हणाली, जेवून घे. औषधं माझ्या हातून घेते, पण माझ्याकडे बघत नाही. मी तक्रार करत नाहीये. तू हे अकरा वर्षं सोसलंस, माझा अजून दुसरा दिवस आहे.

आज संस्थेत गेले. काकांना सगळं सांगितलं नाही, थोडं सांगितलं. ते म्हणाले, मी एक्सचेंजमध्ये तीस वर्षं लोकांचं ऐकलंय बाई, वाचलेलं आणि बोललेलं मला वेगळं कळतं. मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं, पण शंका चष्म्याची विचारली. मग म्हणाले, ही वाक्यं मला काढावी लागतील, पुस्तकाला पुस्तकाचं राहू द्या. तुमची तुम्ही घेऊन जा. चौथं प्रकरण मी पुन्हा वाचलं, बोट ओळीखाली ठेवून, पहिलीतल्या पोरीसारखं. आणि ती वाक्यं काकांनी वेगळी काढून मला दिली. मावसभावाकडे पाठवलीत, तुझ्या मोबाइलवर घालायला. ऐकायची की नाही ते तू ठरव.

ताई


सोमवार, ९ फेब्रुवारी

ठमे,

पुस्तक संपलं. शेवट कळत नाही. सातव्यांदा सांगताना नर्स जिन्याच्या दारापाशी येते, कडीकडे हात नेते, आणि तिथंच पुस्तक थांबतं. काका म्हणाले, ऐकणारे शिव्या घालणार. मी पहिल्या पत्रात तिला शिव्या घातल्या होत्या. आता वाटतं, त्या बिचारीजवळ सांगणारं कुणी नव्हतं. जो येऊन गेला तो शेवटपर्यंत गप्प राहिला.

तारीख बघितलीस ना. आज अकरा वर्षं झाली. आज आई माझ्याशी बोलली. म्हणाली, मधल्या खोलीत गादी घाल, तिला पुढच्या खोलीत उजेडानं झोप येत नाही. येणार आहे का, असं तिनं विचारलं नाही आणि मीही म्हटलं नाही की मला ठाऊक नाही. गादी घातली. सोळाला सकाळी सातला आईला नेणार आहेत. तू आलीस तर मी बाहेर बसेन, माझ्याशी बोलायला नको, तोंडही बघायला नको. मला माफ कर असं लिहायला घेतलं होतं, खोडलं. ते मागायचं तर समोर येऊन मागावं लागेल, आणि समोर यायचं की नाही हे मी ठरवायचं नाही.

पण एक गोष्ट फक्त मीच सांगू शकते, दुसरं कुणी नाही, म्हणून सांगते. बाबा सोडून त्या दारापाशी आपण दोघीच होतो. तुझ्यानंतर माझा हात त्या कडीला लागला. ती लागलेली होती, पार शेवटपर्यंत सरकवलेली, मला जोर लावावा लागला. आणि गार होती. तू म्हणालीस तशीच गार होती.

निघशील तेव्हा कुलूप लाव आणि सरळ चालू लाग. फोटो काढू नकोस.

ताई